संख्या आणि मात्रा : महाराष्ट्राच्या व्यायाम-परंपरेतील व्याधिग्रस्त शरीर (केम परिसराच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : व्यायामाचा इतिहास, अर्धशक्ती, सूर्यनमस्कार, यौगिक चिकित्सा, संधिवात, उच्च रक्तदाब, केम.

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी रथसप्तमीच्या दिवशी जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मैदानावर सामुदायिक सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम झाला. संकल्प एकशे आठ नमस्कारांचा होता. विद्यार्थ्यांच्या मागे प्राध्यापकांची रांग होती आणि त्या रांगेत सेवानिवृत्तीस दोन वर्षे उरलेले एक ज्येष्ठ सहकारी उभे होते. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती व दोन्ही गुडघ्यांत झीज होती, हे आयोजकांपैकी कोणी त्यांना विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. प्रचलित पद्धतीच्या एका नमस्कारात दोनदा कमरेतून वाकावे लागते व दोनदा एक पाय मागे नेऊन दुसरा गुडघा पूर्ण दुमडावा लागतो. एकशे आठ नमस्कारांत ही क्रिया दोनशे सोळा वेळा होते. सरांनी संख्या पूर्ण केली. त्यांना टाळ्याही मिळाल्या. दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा सुजला आणि पुढील तीन आठवडे त्यांना वर्गावर जाण्यासाठी जिना चढता आला नाही. आयोजन समितीत प्रस्तुत लेखकाचाही समावेश होता, म्हणून ही हकिकत येथे नोंदवणे भाग आहे.

या प्रसंगाने इतिहासाच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न असा : ज्या महाराष्ट्रात तालीम, मल्लखांब, नमस्कार व योगासने यांची एवढी समृद्ध परंपरा आहे, त्या परंपरेने आजारी, वृद्ध वा सांधे दुखणाऱ्या माणसाचा विचार कधी केला होता काय? केला असल्यास तो विचार आपल्या मैदानांपर्यंत का पोहोचला नाही? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, आपल्या व्यायामविचारात दोन धारा शेजारी-शेजारी वाहत आल्या. एक संख्येची, म्हणजे सर्वांनी मिळून ठरावीक आकडा गाठण्याची. दुसरी मात्रेची, म्हणजे प्रत्येकाचे शरीर पाहून प्रमाण ठरविण्याची. विसाव्या शतकात या दोन्ही धारा एकाच व्यक्तीच्या कार्यात एकत्र आल्या होत्या. त्या व्यक्तीने त्या वेगळ्या ठेवल्या. आपण त्या एकमेकींत मिसळल्या.

केम हे करमाळा तालुक्यातील कुंकवासाठी प्रसिद्ध असलेले गाव. १८६० साली सोलापूरपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गावरचे हे एक स्थानक असून उत्तरेश्वराचे देवस्थान ही गावाची दुसरी ओळख आहे. हळदीपासून कुंकू तयार करण्याचा व ते बांधण्याचा उद्योग येथे घरोघरी पोहोचलेला आहे. हे काम बहुतांशी बैठे. शेतातील खुरपणी उकिडवे बसून, आणि ज्वारीची काढणी कमरेत वाकून. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या तोंडी गुडघ्याची व कमरेची तक्रार नसेल असे घर येथे विरळाच. या तक्रारीवर गावात दोनच सल्ले मिळतात. तालमीतला जुना वस्ताद म्हणतो, कळ मोडून काढा, घाम गळाला की दुखणे जाते. घरातील माणसे म्हणतात, गुडघ्यातले वंगण संपले, आता जपून वापरा. पहिला सल्ला शरीराला शत्रू मानतो व दुसरा त्याला बैलगाडीचा आख मानतो. दोन्हींत मात्रेचा विचार नाही.

अर्धशक्तीचा दंडक

मात्रेचा विचार मात्र आपल्याकडे फार जुना आहे. व्यायाम आपल्या बळाच्या निम्म्यापर्यंतच करावा, असा दंडक सुश्रुताने घातला आहे व वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायातही तो येतो. निम्मे बळ ओळखावे कसे, याची खूणही दिलेली आहे. श्वास तोंडावाटे घ्यावा लागू लागला की थांबावे. वय, बळ, शरीरयष्टी, प्रदेश, ऋतू आणि आहार या सहांचा विचार करून व्यायाम करावा, असे सुश्रुत सांगतो. वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध व अजीर्ण झालेला मनुष्य यांना वाग्भटाने व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही तो थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व इतर ऋतूंत त्याहून कमी करावा, असे त्याचे मत. अतिव्यायामाने होणाऱ्या विकारांची यादी चरकाने दिली आहे, तीत थकवा, तहान, खोकला, ज्वर व वांती यांचा समावेश होतो.

ही वचने आज अनेक व्याख्यानांतून अभिमानाने सांगितली जातात. परंतु अभ्यासकाने येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, या ग्रंथांतील सल्ला काही बाबतींत आजच्या ज्ञानाच्या विरुद्ध जातो. वृद्धाला व्यायाम वर्ज्य, हे मत आज कोणी स्वीकारणार नाही. प्रमेहाच्या चिकित्सेत सुश्रुताने निर्धन रोग्याला पादत्राण व छत्री न घेता भिक्षा मागत शंभर योजने चालण्यास सांगितले आहे. गाईंमागे हिंडणे, विहीर खणणे असेही उपाय त्याने सुचविले आहेत. चालण्याने प्रमेह आटोक्यात येतो, ही दृष्टी विलक्षण आहे. त्याच ठिकाणी कृश रोग्याला मात्र जपावे, असा भेदही त्याने केला आहे. पण अनवाणी चालण्याचा सल्ला आज मधुमेह्याला दिला, तर ते त्याच्या पायावर उठेल. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायाची संवेदना मंदावते, खडा रुतलेला कळत नाही आणि साधी जखम चिघळत जाते. दुसरी गोष्ट अशी की, हा विचार ग्रंथांत राहिला. मैदान व तालीम यांची शिस्त त्यावर उभी राहिली नाही. जोर किती, बैठका किती, यांचे आकडे वस्तादाच्या मुखी असत आणि ते वाढते असत. तालमीने दुखापतीचा विचार केला नाही असे नव्हे. अनेक वस्ताद स्वतः हाडवैद्य होते, निखळलेला सांधा बसविण्यात व मुरगळा काढण्यात त्यांचा हातखंडा असे. तथापि ती दुरुस्ती पुन्हा लढण्यासाठी होती. जो लढणारच नाही, त्याच्यासाठी तालमीत जागा नव्हती.

औंधचा आकडा

आधुनिक काळात संख्येच्या धारेला सर्वांत मोठे बळ औंध संस्थानातून मिळाले. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे १९०९ पासून संस्थान विलीन होईपर्यंत औंधचे अधिपती होते. त्यांच्या संस्थानाचा आटपाडी महाल आजच्या सोलापूर जिल्ह्याच्या सीमेला लागूनच आहे. तरुणपणी त्यांनी युजेन सँडो या युरोपीय मल्लाची साधने व पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले, आणि वळले ते कायमचे. संस्थानातील शाळांत नमस्कार सुरू झाले. राणीसाहेब व राजपुत्रही ते घालीत. १९३८ मध्ये लंडनहून ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले.

बाळासाहेबांच्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. साधन नको, पैसा नको, सतरंजीएवढी जागा पुरे, असा व्यायाम त्यांनी स्त्रियांपर्यंत नेला. आखाड्याचे दार ज्यांना बंद होते त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती. नमस्कारांनी अनेक विकार दूर होतात असाही त्यांचा दावा होता. मात्र त्यांच्या डोळ्यांसमोरचे शरीर मुख्यतः शाळकरी मुलाचे व धडधाकट प्रौढाचे होते. नियमितपणा हा त्यांचा खरा संदेश, पण लोकांच्या लक्षात आकडा राहिला. आकड्याला पुण्याची छटा येण्यास वेळ लागत नाही. नमस्कार हा शब्दच पूजेतला आहे, आणि पूजेत मध्येच थांबणे आपल्याला अपुरे वाटते. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी साठाव्या नमस्काराला गुडघा बोलू लागल्यावरही थांबणे का नाकारले असावे, याचे एक उत्तर येथे आहे.

बडोदा ते लोणावळा

मात्रेच्या धारेचा आधुनिक इतिहास बडोद्यापासून सुरू होतो. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रा. माणिकराव (१८७८–१९५४) हे व्यायामशिक्षक तसेच अस्थिसंधान-तज्ज्ञ म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या आखाड्यात तरुण घडत व मोडलेली हाडेही जुळत. १९०७ ते १९१० या काळात तेथे शिकणाऱ्या तरुणांत जगन्नाथ गणेश गुणे हे एक होते. पुढे अमळनेर येथे अध्यापन व माधवदासजी महाराजांकडे योगाचे शिक्षण घेतलेले हेच गुणे स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) या नावाने ओळखले जाऊ लागले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले.

कुवलयानंदांचे वेगळेपण असे की, योगक्रियांचा शरीरावर नेमका परिणाम काय होतो हे त्यांनी उपकरणांनी मोजण्यास आरंभ केला. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी पोटात काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांच्या व दाबमापकाच्या साहाय्याने पाहिले. शीर्षासन, सर्वांगासन व मत्स्यासन करताना रक्तदाब किती चढतो-उतरतो, याच्याही नोंदी त्यांनी प्रसिद्ध केल्या. मोजमाप आले की मर्यादा आपोआप येते. आसनांवरील त्यांच्या पुस्तकात कोणी काय करू नये हे स्पष्टपणे सांगितलेले आहे. कान वाहणाऱ्याने, डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुर्बल असणाऱ्याने व हृदय कमकुवत असणाऱ्याने शीर्षासनासारख्या उलट्या आसनांच्या वाटेस जाऊ नये, रक्तदाब नेहमी मर्यादेबाहेर असणाऱ्याने आपल्या मनाने योगाभ्यास सुरू करू नये, असे ते सांगतात. आसनाचा काळ सेकंदांपासून सुरू करून हळूहळू वाढविण्याची त्यांची पद्धत होती. यातील डोळ्यांविषयीच्या इशाऱ्याला पुढे पुष्टी मिळाली. २००६ मध्ये चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी शीर्षासन करणाऱ्या ७५ जणांची तपासणी केली, तेव्हा आसनाच्या काळात डोळ्यातील दाब सुमारे दुप्पट होत असल्याचे आढळले. काचबिंदूच्या रोग्याला हे आसन का टाळावयास सांगतात, ते यावरून कळते.

या टप्प्यावरील एक प्रसंग विशेष बोलका आहे. मार्च १९२७ मध्ये कोल्हापूर-निपाणीच्या दौऱ्यात महात्मा गांधींची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब वाढल्याचे निष्पन्न झाले, काही काळ ते आंबोलीस विश्रांतीसाठी राहिले व तेथून नंदी हिल्सला गेले. या काळात गांधीजी व कुवलयानंद यांच्यात व्यायामाविषयी पत्रव्यवहार चालू होता. एका बाजूस पूर्ण विश्रांती सांगणारे डॉक्टर, दुसऱ्या बाजूस बेतशीर आसने सुचविणारे योगाभ्यासी, आणि मधे स्वतःच्या देहाच्या नोंदी चिकाटीने ठेवणारा रुग्ण, असे हे चित्र आहे. आज रक्तदाबाचे यंत्र घेऊन सकाळच्या फिरण्याचा हिशोब मांडणाऱ्या कोणाही निवृत्त शिक्षकाला ते परके वाटणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हेच कुवलयानंद १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या सरकारने नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्ष होते. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचे ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. म्हणजे शेकडो मुलांनी एका हुकमावर एकत्र करावयाचे प्रकारही त्यांनीच रचले. परंतु संघ व्यायाम हा निरोगी विद्यार्थ्यांसाठी होता. रोग्यासाठी त्यांनी वेगळी व्यवस्था केली. तीत तपासणी, नोंद, व्यक्तिनिहाय क्रम आणि देखरेख होती. डॉ. स. ल. विनेकर यांच्यासमवेत लिहिलेला ‘यौगिक थेरपी’ हा इंग्रजी ग्रंथ १९६३ मध्ये केंद्र शासनाच्या आरोग्य शिक्षण विभागाने प्रसिद्ध केला, तो याच व्यवस्थेचा परिपाक होय. एकाच माणसाने मैदान व रुग्णालय या दोन जागा ओळखल्या आणि त्यांमधील भिंत शाबूत ठेवली, हे त्यांच्या कार्याचे फारसे न सांगितले जाणारे वैशिष्ट्य आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परळचे केईएम

आमच्या गावातील माणूस मुंबईच्या परळमधील केईएम रुग्णालयाचा उल्लेख ऐकतो तेव्हा त्याला गंमत वाटते, कारण रोमन लिपीत गावाचे व रुग्णालयाचे नाव सारख्याच तीन अक्षरांनी लिहिले जाते. या लेखाच्या विषयात मात्र या दवाखान्याचे स्थान गमतीचे नाही. १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईत पोलिओची साथ पसरली. लुळे पडलेले हातपाय पुन्हा चालते करण्याचे ज्ञान असलेली माणसे हवी होती, आणि त्या गरजेतून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातील पहिली फिजिओथेरपीची शाळा केईएममध्ये सुरू झाली. व्यायाम हा औषधासारखा लिहून देण्याचा, मोजून देण्याचा विषय झाला, तो येथे.

याच विचाराचा एक धागा दुसऱ्या महायुद्धातून आला होता. १९४५ च्या सुमारास अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयात डॉ. थॉमस डिलॉर्म यांनी गुडघ्याची दुखापत झालेल्या सैनिकांना क्रमाक्रमाने वाढणारे वजन उचलण्यास दिले. त्यापूर्वी अशा गुडघ्याला जपण्याकडे कल असे. रुग्ण जेवढे वजन दहा वेळा उचलू शकेल ते आधी शोधावयाचे. मग पहिली फेरी त्याच्या निम्म्याने, दुसरी पाऊणपटीने व तिसरी पूर्ण वजनाने करावयाची, अशी त्यांची पुढे रूढ झालेली पद्धत. निम्म्यापासून आरंभ हे वाचून आपल्याला सुश्रुत आठवणे स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य आहे, वारसा नव्हे. डिलॉर्म यांच्यापाशी सुश्रुत नव्हता, आणि ज्यांच्यापाशी सुश्रुत होता त्यांनी वजनाची वही ठेवली नव्हती.

केईएममधील दुसरी घटना १९६९ ची. तेथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा प्रयोग केल्याचा निबंध त्या वर्षी आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखकांत कैवल्यधामचे डॉ. विनेकर होते. रुग्णांचे तीन गट होते : औषध न घेणारे, औषधाने दाब आटोक्यात असलेले, आणि औषध घेऊनही तो आटोक्यात नसलेले. औषध न घेणाऱ्या १० जणांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ पर्यंत उतरला. उरलेल्या दोन गटांतही काहींच्या औषधाची मात्रा कमी करता आली. महाराष्ट्रातील दोन परंपरांचा, लोणावळ्याच्या आश्रमाचा व परळच्या हृदयविभागाचा, हा संगम होता. तथापि शवासन न करणाऱ्या रुग्णांचा तुलनेसाठी वेगळा गट त्यात नव्हता, ही त्याची मर्यादा सांगितलीच पाहिजे. ती उणीव भरून काढणारा तौलनिक अभ्यास १९७५ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर चंद्रा पटेल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही दाब उतरल्याचे दिसले. विशेष म्हणजे दात्यांनी निवडलेले आसन घाम काढणारे नव्हते. निश्चल पडून श्वासाकडे लक्ष देण्याची ती क्रिया होती आणि ती नीट जमण्यासही रुग्णांना काही आठवडे लागत. मैदानी कार्यक्रमात शवासन शेवटी दोन मिनिटांत उरकले जाते, तेव्हा हा प्रयोग आठवतो.

पुण्यात याच काळात बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) वेगळ्या मार्गाने मात्रेपर्यंत पोहोचले होते. १९३७ मध्ये ते पुण्यास आले, १९७५ मध्ये त्यांची संस्था उभी राहिली. शरीर आसनापर्यंत पोहोचत नसेल तर आसन शरीरापर्यंत आणावे, या विचाराने त्यांनी लाकडी ठोकळे, दोर, पट्टे, उशा व घडीच्या खुर्च्या वापरल्या. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघाताने त्यांचे स्वतःचे शरीर अडले, तेव्हा हीच साधने त्यांना उपयोगी पडली. १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात मनगटातील नस दबण्याच्या विकारावरील ४२ जणांचा आठ आठवड्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातील अकरा आसने अय्यंगार पद्धतीची होती आणि पकड व वेदना यांत सुधारणा दिसली. खुर्चीवर बसून केलेले आसन म्हणजे कमअस्सल, ही समजूत आपल्याकडे अजून आहे. पुण्याने ती पन्नास वर्षांपूर्वीच मोडावयास हवी होती.

भिगवण आणि केम

हा सारा इतिहास शहरांचा झाला. खेड्यातील सांध्यांचे काय, याचे उत्तर केमपासून फार दूर नाही. केमहून दौंडकडे जाताना जेऊर व पारेवाडी मागे पडल्यावर भिगवण स्थानक येते. १९९६ मध्ये पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेने डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमांतर्गत या गावात घरोघरी जाऊन पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, सांधे-स्नायूंची दुखणी आढळली. सांध्यांच्या झिजेचे प्रमाण ५.८ टक्के होते व आमवाताचे सुमारे अर्धा टक्का. गुडघे आणि कंबर ही मुख्य ठिकाणे. भिगवणची जमीन, पिके, कामे आणि बसण्याच्या सवयी केमसारख्याच आहेत. कष्टाच्या कामाने शरीर काटक राहते, व्यायामाची गरज शहरातल्यांना, हा आपला लाडका समज या आकड्यांपुढे टिकत नाही. कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. खुरपणीत तेच सांधे त्याच कोनात तासन्‌तास राबतात, तर मांडीच्या पुढच्या स्नायूंना, जे गुडघ्याचा खरा आधार, पूर्ण ताण क्वचित मिळतो.

वंगणाच्या कल्पनेविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते सांध्यातील द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर होतो तो सांध्यावर भार येण्या-जाण्यामुळे. म्हणजे वंगण वापराने संपत नाही, उलट हालचाल थांबली की त्याचे अभिसरण मंदावते. १९९७ मध्ये अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या साठ वर्षांवरील ४३९ व्यक्तींवर अठरा महिने झालेल्या अभ्यासात चालणाऱ्या व वजनांचा व्यायाम करणाऱ्या अशा दोन्ही गटांची वेदना व असमर्थता, केवळ आरोग्यविषयक माहिती मिळालेल्या गटाच्या तुलनेत कमी झाली. सुधारणा माफक होती. चमत्कार कोणी नोंदविला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घकालीन आजार असलेल्यांचा प्रथमच स्वतंत्र विचार झाला. त्यांनाही आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि वयस्करांना तोल सांभाळण्याचे प्रकार सुचविले आहेत. मात्र थोड्यापासून आरंभ व क्रमाने वाढ ही अट आहे.

मात्रा ओळखण्याच्या खुणा व्याधीगणिक बदलतात. सांधेदुखीत व्यायामानंतर दोन तासांहून अधिक काळ नेहमीपेक्षा जास्त दुखत राहिले, तर दुसऱ्या दिवशी प्रमाण घटवावयाचे. सांधा लाल, गरम व सुजलेला असताना जोर द्यावयाचा नाही. रक्तदाबात श्वास कोंडून जड उचलणे धोक्याचे, कारण त्या क्षणी दाब झपाट्याने चढतो. दीर्घ कुंभकालाही हाच नियम लागू. इन्सुलिन वा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याने उपाशीपोटी लांब फिरावयास जाऊ नये, खिशात साखर ठेवावी व पायांत बंद पादत्राण असावे. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, एवढा वेग पुरेसा. छातीत दाब, चक्कर वा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागल्यास थांबून डॉक्टरांकडेच जावयाचे.

करमाळा तालुक्यातून आषाढीच्या आधी निवृत्तिनाथांची पालखी जाते. गुडघ्याला पट्टी बांधलेले सत्तरीचे वारकरी त्यात चालताना दिसतात, तेव्हा वरील सूचना पुस्तकी वाटू शकतात. पण दिंडीचे वेळापत्रक पाहावे. पहाटेच्या गारव्यात निघणे, ठरलेले विसावे, दुपारचा मुक्काम आणि दिंडीसोबत सामानाचे वाहन. चालणारा एकटा नसल्याने वेग कोणा एकाच्या उत्साहावर ठरत नाही. वर्षभर न चालता एकदम वारीस निघणाऱ्याचे हाल होतात, हेही तितकेच खरे. जुने वारकरी महिनाभर आधीपासून शेताकडे पायी जाऊ लागतात, ही माहिती प्रस्तुत लेखकास गावातच मिळाली. क्रमाने वाढ हा नियम त्यांनी कोणत्या सूचनापत्रात वाचलेला नाही.

रथसप्तमीनंतर

ज्या महाविद्यालयात आरंभी सांगितलेला प्रसंग घडला तेथे पुढील वर्षी कार्यक्रमाचा आराखडा बदलण्यात आला. बदल सहज झाला नाही. आकडा कमी केल्यास बातमी छापून येणार नाही, अशी अडचण बैठकीत एकाने मांडली आणि ती खोटी नव्हती. अखेर एकशे आठचा संकल्प विद्यार्थ्यांच्या एका तुकडीपुरता ठेवण्यात आला. इतरांकडून आधी एक साधा कागद भरून घेतला गेला : रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, काचबिंदू, सांध्यांची वा पाठीची दुखणी, चालू औषधे. कागद गोपनीय राहील अशी हमी दिल्यावर तो भरून देणाऱ्यांची संख्या आम्हा सर्वांनाच अनपेक्षित होती. आपल्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला मधुमेह आहे हे प्रस्तुत लेखकास मात्र त्या कागदातून नव्हे, तर नंतर त्यांनी स्वतःहून सांगितल्यामुळे कळले. मैदानाच्या कडेला वीस खुर्च्या मांडल्या होत्या. शारीरिक शिक्षण विभागाच्या प्राध्यापकांनी खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरणे, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे, हात न टेकता उठणे-बसणे असे प्रकार घेतले व प्रत्येकाला आपापला आकडा ठरविण्यास सांगितले.

ते ज्येष्ठ सहकारीही आले होते. पहिल्या खुर्चीवर बसण्यास त्यांनी नकार दिला आणि मागच्या ओळीतील खुर्ची निवडली. आठ वेळा उठून-बसून ते थांबले. शेजारचे दहा करू म्हणाले, तेव्हा सरांनी मान हलवली, घड्याळ पाहिले आणि सावलीत जाऊन चहाची वाट पाहत बसले.